वाघाची पेटी आणि दोन खोकले

आमच्या गावचे सर मला म्हणाले, काकू, तुमच्या धंद्यावर लिहा, दिवाळी अंकात घेऊ. मी म्हटलं, सर, मी सगळा धंदा पेटीच्या मागं उभं राहून केला, पुढं काय चालायचं ते मला नीट दिसलंसुद्धा नाही. ते म्हणाले, मग मागचंच लिहा. म्हणून मागचं लिहिते. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखनाचं त्यांनी बघून घ्यावं.

पेटी म्हणजे वाघाची पेटी. परंड्यात, भूमच्या बाजारात नाहीतर सोनारीच्या यात्रेत लहानाचा मोठा झालेला कुणीही माणूस धरा आणि विचारा, तो लगेच एक डोळा मिटून हाताची बंदूक करून दाखवेल. उंचीला लोखंडी कपाटाएवढी, पण लाकडी. पुढं काच, काचेआड रंगवलेलं रान. त्या रानातून साखळीवर डुलत हरीण जायचं, रानडुक्कर जायचं आणि सगळ्यात मागून वाघ. काचेपुढं स्टँडवर बसवलेली बंदूक. नेम बरोबर धरून घोडा दाबला की वाघ आडवा पडायचा, घंटा वाजायची आणि वरच्या खिडकीतले आकडे खटखट फिरायचे. टीव्ही नाही, कॉम्प्युटर नाही. सगळं काम मोटर, साखळी, वायरी आणि चुंबकांचं.

ही पेटी मुंबईहून आली. आमच्या मालकांचं नाव महादेव. नाव घ्यायची सवय नाही, पण लिहायला बसले तर घ्यावं लागणार. ते मुंबईत एका खेळघरात वायरमन होते. पडद्यावरचे खेळ आले तसे खेळघरवाल्यानं जुन्या पेट्या भंगारात काढल्या. यांनी त्यातली एक मागून घेतली, टेंपोत आडवी घातली आणि नोकरी सोडून परंड्याला आले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, लोक मुंबईहून कपाट आणतात, त्यात कपडे तरी मावतात. लग्न होऊन मला थोडेच महिने झाले होते. मला हसू आलं आणि भीतीही वाटली. नोकरी सोडून वाघ घेऊन आलेल्या माणसाबरोबर संसार करायचा होता.

आता धंद्यातलं गुपित सांगते, कारण आता कोण चोरणार आहे. बंदुकीतून काही म्हणजे काही सुटत नाही. छर्रा नाही, उजेड नाही. बंदुकीच्या दांड्याला खाली, पेटीच्या आत, एक लोखंडी हात जोडलेला असतो. बंदूक डावी-उजवी केली की तो हात एका फळीवर फिरतो, आणि त्या फळीवर ओळीनं तांब्याच्या टिकल्या बसवलेल्या असतात. तिकडं वाघाच्या साखळीलाही तसाच एक हात आणि तशीच फळी. वाघ ज्या टिकलीवर आहे त्याच टिकलीवर बंदुकीचा हात असताना घोडा दाबला की करंट पुरा होतो. मग रिले नावाचा चुंबक टक् करून ओढतो आणि वाघ पडतो. बाहेर पोरं म्हणायची, गोळी लागली. आत नुसती टिकलीला टिकली जुळलेली असायची.

ही मागची बाजू माझी. सुरुवातीला हे मला नुसतं टॉर्च धरायला बोलवायचे. मग एकदा भूमच्या बाजारात धुळीनं रिले अडकला, यांचा जाड हात आत जाईना, म्हणून मी घातला. तेव्हापासून मागचा कारभार माझ्याकडं आला. टिकल्या काळ्या पडल्या की पोस्टकार्डाचा तुकडा मधून फिरवायचा, तेल साखळीलाच द्यायचं, रिलेला चुकूनसुद्धा नाही, जनरेटरचा आवाज बदलला की आधी मोटर बंद करायची. साखळीची कडी तुटली तर सायकलच्या दुकानातली बसायची. चैत्रात त्या पेटीमागं असा उकाडा व्हायचा की भाकरी बांधून ठेवली तर दुपारी पुन्हा गरमच खायला मिळायची. सोनारीत वर माकडांचा त्रास. तिथली माकडं देवाची, त्यांना कुणी हाकलत नाही. एक थोराड माकड मागच्या फळीवर येऊन बसायचं आणि माझ्याकडं असं बघायचं, की मी काम चुकवते का यावर देखरेख ठेवायला त्याला देवानंच पाठवलंय.

पुढची बाजू यांची. बोलणं, बोलावणं, बंदूक हातात देणं, कुणाच्या पाठीवर थाप, कुणाची टिंगल, सगळं यांचं. आमच्या दोघांच्या मध्ये पेटी. त्यांचा चेहरा मला दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. आणि खोकला.

खोकल्याचं सांगते. सोनारीचा काळभैरव म्हणजे कितीतरी घरांचं कुलदैवत. लग्न झालं की जोडपी दर्शनाला येतात. दर्शन झालं की नवरीबरोबर आलेली तिची भावंडं नवरदेवाला ढकलत पेटीपुढं आणायची, दाजी, वाघ पाडा. बिचारा दाजी डोक्याला टोपी, हातात रुमाल, अंगावर नवे कडक कपडे, त्याचा कशाचा नेम लागतोय! वाघ आला की गेला. मेहुण्या खिदळायच्या आणि नवरी खाली मान घालून बसायची. अशा वेळी हे पुढून दोनदा खोकायचे. दोन खोकले म्हणजे मला इशारा. मी लाकडी चाटूच्या दांड्यानं वाघाचा रिले दाबायची, म्हणजे शॉकही बसत नाही आणि वाघही पडतो. पुढं त्यानं घोडा दाबायचा, मागं माझा चाटू. घंटा वाजली की सगळे ओरडायचे, नवरदेवाची छाती वर. असे किती संसार मी चाटूनं सुरू करून दिलेत, देवाला ठाऊक.

एकदा तर नवरीनंच बंदूक घेतली आणि एकाच फेरीत हरीण, डुक्कर, वाघ सगळं आडवं केलं. तिच्या मागून नवऱ्याची पाळी. यांना खोकल्याची उबळच लागली. मी आत चाटू घेऊन डुक्कर, वाघ, हरीण करत पळतेय, आणि बाहेर ती पोरगी म्हणते, अहो, तुम्ही घोडा दाबलाच नाही की अजून.

पण एक कोडं मला कधी सुटलं नाही. एकदा सुट्टीत पाहुण्यांकडं आलेला बाहेरगावचा एक फौजी पेटीपुढं उभा राहिला. मी फटीतून बघितलं होतं, काय त्याचं उभं राहणं, काय ते श्वास धरणं. आणि त्याच्या नेमानं एकही वाघ पडला नाही. त्याच्या मागून दगडूमामा आले. सोनारीकडचे शेरडं राखणारे, दर यात्रेला यायचे. त्यांनी काठी काखेत धरून, तंबाखू चघळत तीन वाघ पाडले. फौजी लालबुंद झाला. मग यांनी त्याच्यासाठी खोकला काढला, मी चाटूनं एक वाघ पाडलाही, पण त्याचं समाधान झालं नाही. मी यांना नंतर विचारलं, फौजीचा नेम कसा चुकला हो? हे हसले आणि म्हणाले, फौजीला आपला वाघ कळत न्हाय. मी म्हटलं, चेष्टा पुरे, आणि चुलीला लागले.

मग मोबाईल आले. पोरांच्या हातात वाघ, सिंह, अख्खी लढाई आली. आमच्याकडं आईबाप यायचे आणि पोरांना सांगायचे, आमच्या वेळी हे होतं. पोरं मोबाईलवर आमच्या पेटीचे फोटो काढायची. तरी सोनारीची यात्रा आम्ही सोडली नाही.

आणि यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा हात चांगला आहे, उजव्यातही जीव येईल, पण माणसानं मनावर घेतलं पाहिजे, हलवत राहिलं पाहिजे. आमच्या माणसानं मनावर घेतलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी हात हलवायला घेतला तर ओढून घ्यायचे. ज्या माणसाच्या बोलण्यावर यात्रेत गर्दी हटायची नाही, तो माणूस पाणी पाहिजे हे सांगायलासुद्धा डोळे उघडेना. मी रागावले, विनवलं, मोरीत जाऊन रडले. काही उपयोग झाला नाही. मला लकव्याची भीती वाटत नव्हती. भीती याची होती, की हा माणूस असाच भिंतीकडं बघत बघत निघून जाईल.

चैत्र लागला. शेजारच्या बाईनं दारात उभं राहून यात्रेचा विषय काढला, तर यांनी मान फिरवून दाराकडं बघितलं. एवढंच. पण मी ते बघितलं आणि ठरवलं, पेटी सोनारीला जाणार.

पेटी इतके दिवस बंद होती, उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. मागचं मी केलं. पुढचं, म्हणजे बंदुकीचं काम यांचं असायचं. त्यासाठी भूमहून निसारभाईंना बोलावलं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. त्यांनी बंदूक खोलली, साफ केली, आणि आत बघून म्हणाले, भाभी, ये हात तो टेढा हो गया है, कधी मार बसला असंल. त्यांनी दोरी लावली, ओळंबा धरला, तो लोखंडी हात काढून सरळ केला आणि पुन्हा बसवला. दुपारचा चहासुद्धा उभ्यानं घेतला, इतकं मन लावून काम. जाताना म्हणाले, आता नजर जिथं, गोळी तिथं. मी त्यांना हात जोडले.

टेंपोत पेटी, पेटीशेजारी खुर्चीवर हे. सोनारीत नेहमीच्या जागी ताडपत्री बांधली. आमची एक रीत होती. उदबत्ती लावली की दिवसाचा पहिला नेम यांचा. एक वाघ पाडायचा, घंटा वाजली की धंदा सुरू. इतक्या वर्षांत तो वाघ कधी चुकला नव्हता. मी यांची खुर्ची बंदुकीपुढं सरकवली, डावा हात उचलून दांड्यावर ठेवला आणि म्हटलं, अहो, बोहणी करा. मला वाटलं हात ओढून घेतील. घेतला नाही. बोटं घोड्यावर बसली. मी पळत मागं गेले आणि मोटर चालू केली.

पहिला वाघ गेला. रिले वाजला नाही. दुसरा वाघ गेला. घोड्याचा टक् आवाज येत होता, म्हणजे दाबत होते, पण वाघ पडत नव्हता. तिसराही गेला. मी फटीतून बघितलं. यांच्या कपाळावर घाम, ओठ एका बाजूला ओढलेला, आणि डोळ्यांत असं काही, की मला बघवेना. मी चाटू उचलला आणि रिले दाबला.

घंटा वाजली. वाघ पडला. 

मी पुढं येऊन बघते तर यांनी बंदूक सोडून दिली होती आणि मान फिरवली होती. मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. ते खोकले नव्हते. न खोकता पडलेला वाघ कुणी पाडला, हे त्यांना सांगायची गरज होती का? जन्मभर दुसऱ्यांवर केलेली दया आज त्यांच्यावर झाली होती, आणि तीही माझ्याकडून. भाकरीचं ताट पुढं केलं, ते ढकललं. डाव्या हातानं टेंपोकडं बोट दाखवलं. घरी चला.

मी टेंपोवाल्याला शोधायला निघाले, तेवढ्यात दगडूमामा आले. थकले होते, पण काठी काखेत, तंबाखू गालात, सगळं तसंच. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलले आणि म्हणाले, आलोय तर एक वाघ पाडून जातो. नाही कसं म्हणू? मोटर चालू केली. त्यांचाही वाघ गेला. दुसरा गेला. मग मामांनी बंदूक सोडली आणि मला पेटीमागून बाहेर बोलावलं.

"वैनी, शेपटी धरूनबी वाघ पडना. बंदुकीला काय केलंय?"

मी विचारलं, शेपटी कसली?

 मामांनी सांगितलं. टेंपोतून आली त्या दिवसापासूनच ही बंदूक डावीकडं मारायची. वाघावर नेम धरला तर वाघाच्या तोंडापुढं मोकळ्या रानात लागायचं. शेपटीवर धरला तरच वाघ पडायचा. हे परंड्याला ठाऊक, भूमला ठाऊक, सोनारीला तर पाळण्यातल्या लेकराला ठाऊक. आणि खरंच की, इतकी वर्षं मी पेटीमागं उभी राहून ऐकत होते, बाहेर सगळे ओरडायचे, शेपटी धर, शेपटी! मला वाटायचं, पोरं वाघाला चिडवतायत. तो फौजी वाघावरच नेम धरत होता, अगदी बरोबर धरत होता, म्हणून बिचारा चुकत होता. आणि निसारभाईंनी ओळंबा लावून बंदूक सरळ केली होती. आता सगळी यात्रा चुकणार होती.

मी यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. यात्रेतली माणसं बघत होती, बघू देत. मी म्हटलं, "अहो, शेपटीचं मला एका शब्दानं सांगितलं न्हाय तुम्ही." त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं असणार, सगळं गाव घसा फोडून सांगतंय, बायकोला ऐकू येत नसेल का. मग मी सांगितलं की निसारभाईंनी आतला हात सरळ केलाय, तुमचा नेम चुकला नाही, बंदूक बदलली. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. विश्वास ठेवावा का, असं. आत्ताच मी त्यांना फसवलं होतं, त्यांनी तरी का ठेवावा.

आता शहाणा माणूस म्हणेल, शेपटी सोडा आणि वाघावर धरा, काम झालं. पण ज्याला आपलाच हात परका झालाय, त्याला बंदूक तरी ओळखीची नको का? मी पान्हा घेतला.

पुढची फळी काढली, आतल्या हाताचा नट ढिला केला आणि हात जरा सरकवला. मामांनी शेपटीवर नेम धरला. नाही. अजून सरकवला. आता हरीण पडलं, वाघ नाही. मामा म्हणाले, अजून जरा. बघता बघता दोन-चार जुनी गिऱ्हाइकं जमली, प्रत्येक जण बंदूक धरून बघतोय आणि मला शिकवतोय, थोडं डावं, न्हाय न्हाय, उजवं. लग्नात मांडव घालताना माणसं सूचना देतात तसं चाललं होतं. त्यांच्या नादानं मीसुद्धा बंदुकीला डोळा लावला. सगळा जन्म त्या पेटीबरोबर काढला आणि पुढून वाघ कसा दिसतो ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. चांगला दिसतो. थोडा आमच्या मालकांसारखाच, उगाच रुबाब करणारा.

तेवढ्यात मामांनी मला कोपरानं ढोसलं. मी वळून बघितलं. यांनी डावा हात वर केला होता. दोन बोटांच्या चिमटीत केसभर जागा ठेवून मला दाखवत होते, एवढं. मग बोट उलट्या बाजूला वळवलं. आम्ही जास्त सरकवलं होतं. ते बरोबर ओळखून होते. मी केसभर मागं घेतला. त्यांनी मान हलवली. अजून. मी पुन्हा घेतला. त्यांनी डोळे मिटले, म्हणजे बस्स. मी नट आवळला.

खुर्ची पुन्हा बंदुकीपुढं सरकवली. या वेळी मी मागं गेले नाही. चाटू आणला आणि यांच्या मांडीवर ठेवला. मामांना मोटर चालू करायला सांगितली आणि पेटीच्या बाजूला, यांना माझे दोन्ही हात दिसतील अशी, हात पुढं बांधून उभी राहिले.  आता ते चुकले असते, तर मी त्यांना पुन्हा कधी दाराकडं बघायला लावू शकले नसते.

हरीण गेलं. डुक्कर गेलं. वाघ आला. यांनी शेपटीवर धरलं, आणि मी बघत असताना, माझे हात रिकामे असताना, वाघ पडला. घंटा वाजली. मामा तंबाखू थुंकायला बाजूला गेले. मी तिथंच, सगळ्यांपुढं, पदर डोळ्याला लावून रडले. हेही रडत होते.

मग धंदा सुरू झाला. म्हणजे काय, तर बघ्यांमधून एक जोडपं पुढं आलं, दर्शन घेऊन आलेलं, हळद अजून अंगावर. नवरदेव पुण्याकडचा दिसत होता, त्याला शेपटीचं कुठलं ठाऊक. मेहुणे मागून ढकलत होते. वाघ एकदा गेला, दोनदा गेला. नवरी खाली बघायला लागली. मी अजून पदरानं डोळे पुसत बाजूला उभी.

आणि यांचा खोकला आला. पहिला बसकाच आला, घशातच अडकला. मग जोर लावून दुसरा, चांगला खणखणीत. मी बघितलं, तर मांडीवरचा चाटू डाव्या हातात धरून माझ्यापुढं केलेला, आणि डोळ्यांत तीच जुनी घाई, काय बघत बसलीस, जा की मागं.

मी चाटू घेतला आणि पळतच मागं गेले. नवरदेवाचा वाघ पडला.